स्तनाच्या कॅन्सरचे ऑपरेशन झाले. आता केमोथेरपी लागेलच का?

ऑपरेशननंतर साधारण आठ-दहा दिवसांनी हिस्टोपॅथॉलॉजीचा रिपोर्ट हातात येतो. तोपर्यंत घरात एक प्रकारचा सुटकेचा श्वास असतो. गाठ निघाली, टाके चांगले आहेत, जेवण सुरू झाले. मग ऑन्कोलॉजिस्ट "केमो द्यावी लागेल" म्हणतात, किंवा "केमोची गरज वाटत नाही" म्हणतात, आणि दोन्ही वेळा नातेवाईक गोंधळतात. पहिल्या वेळी प्रश्न असतो, "सगळं काढलं ना, मग आता कशाला?" दुसऱ्या वेळी, "शेजारच्या बाईंना तर दिली होती, हिला का नाही?"

नया नगरमधल्या माझ्या दवाखान्यात या दोन्ही प्रकारची कुटुंबे फाइल घेऊन येतात. केमो द्यायची की नाही हा निर्णय माझ्यासारख्या जनरल फिजिशियनचा नसतो, तो मेडिकल ऑन्कोलॉजिस्टचा आणि पेशंटचा असतो. पण तो कशाच्या आधारावर होतो हे समजून घ्यायला तज्ज्ञांच्या ओपीडीत पुरेसा वेळ मिळत नाही. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

सगळे काढले, मग केमो कशासाठी?

ऑपरेशनमध्ये सर्जन डोळ्याला दिसणारा आणि हाताला लागणारा रोग काढतात. रिपोर्टमध्ये "मार्जिन फ्री" लिहिलेले असते, म्हणजे कापलेल्या कडेला कॅन्सरच्या पेशी नाहीत. घरचे लोक या दोन शब्दांवर फार विसंबतात. पण मार्जिन फक्त स्तनातल्या त्या जागेबद्दल सांगते. गाठ वाढत असताना तिच्यातून सुटलेल्या काही पेशी रक्तातून हाडात, यकृतात किंवा फुप्फुसात जाऊन बसल्या आहेत का, हे ती सांगू शकत नाही. अशा मूठभर पेशी सीटी किंवा पेट स्कॅनलाही दिसत नाहीत. पेट स्कॅन स्वच्छ असलेल्या काही बायकांना तीन-चार वर्षांनी हाडात रोग निघतो तो याच कारणाने.

ऑपरेशननंतरची केमो या न दिसणाऱ्या पेशींसाठी असते. अडचण अशी की त्या पेशी कोणाच्या शरीरात आहेत आणि कोणाच्या नाहीत, हे नेमके दाखवणारी खात्रीची तपासणी रोजच्या उपचारात अजून आलेली नाही. त्यामुळे डॉक्टर शक्यतेचा अंदाज बांधतात. शक्यता मोठी असेल तर केमो, फार छोटी असेल तर नको. मधल्या पट्ट्यातल्या बायकांसाठी खरा विचार करावा लागतो आणि हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

ही कल्पना तशी जुनी नाही. इटलीतील मिलान शहरात डॉ. जियान्नी बोनाडोना यांनी काखेतल्या गाठींपर्यंत रोग गेलेल्या बायकांना ऑपरेशननंतर तीन औषधांची केमो दिली आणि १९७६ साली निकाल प्रसिद्ध केले. केमो घेतलेल्या बायकांमध्ये रोग परत येण्याचे प्रमाण बरेच कमी होते. पुढच्या पंचवीस वर्षांत केमोचा वापर वाढत गेला. २००० साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या राष्ट्रीय बैठकीने तर एक सेंटिमीटरपेक्षा मोठी गाठ असलेल्या बहुतेक बायकांना केमो द्यावी असे सुचवले, काखेत रोग असो वा नसो. तुमच्या मावशीला किंवा आत्याला त्या काळात केमो मिळाली असेल तर ती चूक नव्हती. त्या वेळचा नियम तोच होता. आज तसाच रिपोर्ट असलेल्या कितीतरी बायकांना केमो टाळता येते, म्हणून "तिला दिली, हिला का नाही" ही तुलना उपयोगाची नाही.

रिपोर्टमध्ये काय पाहतात

फाइल उघडल्यावर सगळ्यांचे बोट आधी "स्टेज"वर जाते. स्टेज महत्त्वाची आहेच, पण केमोचा निर्णय आता एकट्या स्टेजवर होत नाही. पहिल्या स्टेजच्या बाईला केमो लागू शकते आणि दुसऱ्या स्टेजच्या बाईला नाही, असे सर्रास होते. यामागे गाठीचा स्वभाव असतो.

स्वभाव कळतो तो तीन तपासण्यांवरून: ईआर, पीआर आणि हर-टू. ईआर आणि पीआर म्हणजे गाठीच्या पेशींवर असलेले, स्त्री-हार्मोनला प्रतिसाद देणारे रिसेप्टर. एक टक्का किंवा जास्त पेशींवर ते असतील तर पॉझिटिव्ह धरतात. ९० टक्के पॉझिटिव्ह आणि ५ टक्के पॉझिटिव्ह यांत मात्र मोठा फरक आहे. एक ते दहा टक्क्यांमधल्या गाठी पुष्कळदा निगेटिव्ह गाठींसारख्याच वागतात. तेव्हा रिपोर्टमध्ये फक्त "पॉझिटिव्ह" न वाचता किती टक्के ते वाचा. हर-टू हे पेशीवरचे दुसरे प्रथिन. त्याचा निकाल ०, १+, २+, ३+ असा येतो. ३+ म्हणजे पॉझिटिव्ह, ० आणि १+ म्हणजे निगेटिव्ह. २+ म्हणजे अजून काहीच ठरलेले नाही, त्यासाठी फिश नावाची पुढची तपासणी करावी लागते. फिश न करताच पुढचे उपचार ठरवायला निघालेली कुटुंबे मी पाहिली आहेत, कारण तपासणीचा खर्च वेगळा येतो. तो खर्च वाचवू नका. पुढची सगळी दिशा त्यावर ठरते.

याशिवाय गाठीचा आकार, काखेतल्या किती ग्रंथींत रोग आहे, आणि ग्रेड. ग्रेड आणि स्टेज या दोन शब्दांची नेहमी गल्लत होते. स्टेज म्हणजे रोग किती पसरला आहे, ग्रेड म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी किती बिघडलेल्या दिसतात. ग्रेड १ ते ३ असते. "ग्रेड थ्री" वाचून तिसरी स्टेज समजणारे आणि रात्रभर न झोपलेले मुलगे माझ्याकडे आले आहेत. केआय-६७ हा आकडा पेशी किती वेगाने वाढत आहेत ते सांगतो, पण तो लॅबनुसार बदलतो, एकट्या त्याच्या आधारावर घाबरू नये.

रिपोर्टमध्ये "डीसीआयएस" एवढेच असेल, म्हणजे रोग दुधाच्या नळीच्या बाहेर पडलेलाच नसेल, तर केमोचा प्रश्न येत नाही.

कोणाच्या बाबतीत फार विचार करावा लागत नाही

ईआर, पीआर, हर-टू तिन्ही निगेटिव्ह असतील तर तो ट्रिपल निगेटिव्ह कॅन्सर. यात हार्मोनच्या गोळ्या चालत नाहीत, हर-टूवरचे औषधही चालत नाही. गाठ एक सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल किंवा काखेत रोग असेल तर केमो द्यायचीच असते. अर्धा ते एक सेंटिमीटर असेल तरी बहुधा चर्चा करून देतात. आपल्याकडे पाश्चात्त्य देशांपेक्षा या प्रकाराचे प्रमाण जास्त आहे आणि तो तरुण बायकांत अधिक दिसतो. इथे "गाठ छोटी होती, केमो नको" असा घरचा सल्ला धोक्याचा आहे. मी हे जरा कडक शब्दांत लिहितो आहे, कारण केमोने सर्वांत जास्त फायदा होणाऱ्या बायकांपैकी या आहेत.

हर-टू पॉझिटिव्ह असेल तर केमोबरोबर ट्रास्टुझुमॅब हे इंजेक्शन देतात, साधारण एक वर्ष. केमो काही महिन्यांत संपते, इंजेक्शन चालू राहते. गाठ छोटी आणि काख स्वच्छ असेल तर हलकी केमो पुरते: दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल, असे बारा आठवडे. या इंजेक्शनच्या भारतीय बनावटीच्या आवृत्त्या आल्यापासून ते पूर्वीपेक्षा बरेच आवाक्यात आले आहे.

या दोन्ही प्रकारांत गाठ दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी असली किंवा काखेत रोग असला तर हल्ली बऱ्याचदा केमो ऑपरेशनच्या आधीच देतात. तशी दिली असेल तर ऑपरेशनच्या रिपोर्टमध्ये किती रोग शिल्लक होता त्यावर पुढचे औषध ठरते. "आधी आठ केमो झाल्या, आता पुन्हा का?" याचे उत्तर त्या शिल्लक रोगात असते.

आणि ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह असलेल्या बाईच्या काखेतल्या चार किंवा जास्त ग्रंथींत रोग असेल, तर तिलाही सहसा केमो सुचवतात.

मधला पट्टा

उरतात त्या ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह, काख स्वच्छ किंवा एक ते तीन ग्रंथींत रोग असलेल्या बायका. स्तनाच्या कॅन्सरमध्ये हा गट सर्वांत मोठा. यांचा मुख्य उपचार हार्मोनच्या गोळ्या हाच असतो, आणि प्रश्न एवढाच असतो की त्यावर केमोची भर घातली तर किती फायदा.

इथे थोडे गणित समजून घ्या. केमोमुळे स्तनाच्या कॅन्सरने मृत्यू होण्याचा धोका ढोबळमानाने एक तृतीयांशाने कमी होतो असे मोठ्या अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसले आहे. "३३ टक्के फायदा" ऐकायला मोठे वाटते. पण कशाच्या ३३ टक्के? समजा एका बाईला दहा वर्षांत या रोगाने दगावण्याचा धोका शंभरात ३६ आहे. केमोने तो २४ होईल. शंभरातल्या १२ जणी वाचल्या. दुसऱ्या बाईचा धोका मुळातच शंभरात ६ आहे. तो ४ होईल. म्हणजे शंभर जणींना केमो दिली तर दोघींना फायदा, ९४ जणी केमोशिवायही बऱ्याच राहिल्या असत्या, आणि चार जणींना केमो देऊनही उपयोग झाला नाही. शंभरच्या शंभर जणींचे केस मात्र जातात, थकवा सगळ्यांनाच येतो, आणि शंभरात एखादीला किंवा त्याहून कमी जणींना हृदयाचा किंवा रक्ताचा गंभीर त्रास होऊ शकतो.

यात बरोबर-चूक असे एकच उत्तर नाही. शंभरात दोनसाठीही केमो घेईन म्हणणारी ३८ वर्षांची आई मला भेटली आहे, आणि शंभरात पाचसाठीही नको म्हणणारी ७२ वर्षांची आजीही. दोघींचे म्हणणे पटण्यासारखे होते. म्हणून ऑन्कोलॉजिस्टला "केमो आवश्यक आहे का?" असे विचारण्याऐवजी असे विचारा: "नुसत्या गोळ्या घेतल्या तर शंभरात कितीजणींना रोग परत येतो, आणि केमो घेतली तर कितीजणींना?" डॉक्टर अंदाजाने का होईना, आकडा सांगतात. ब्रिटनमध्ये तयार झालेले "प्रेडिक्ट" नावाचे मोफत साधन अनेक डॉक्टर यासाठी वापरतात. ते तिथल्या बायकांच्या माहितीवर बेतलेले आहे, म्हणून त्याचा आकडा आपल्याकडे जसाच्या तसा घेत नाहीत. पण चर्चेला आधार मिळतो.

जनुकांच्या तपासण्या

या मधल्या पट्ट्यासाठीच गाठीच्या तुकड्यावर जनुकांच्या तपासण्या करतात. सर्वांत जास्त अभ्यास झालेली तपासणी ऑन्कोटाइप डीएक्स. ती गाठीतल्या २१ जनुकांची हालचाल मोजून ० ते १०० मधला एक स्कोअर देते. आईकडून मुलीला येणाऱ्या बीआरसीए जनुकाच्या रक्ततपासणीशी तिचा संबंध नाही. बीआरसीए घराण्यातला धोका सांगते, ही तपासणी त्या गाठीचा स्वभाव सांगते.

२०१८ साली टेलर-एक्स या अभ्यासाचे निकाल आले. काख स्वच्छ असलेल्या १०,२७३ बायका त्यात होत्या. ज्यांचा स्कोअर ११ ते २५ आला अशा ६,७११ जणींपैकी निम्म्यांना फक्त हार्मोनचा उपचार, निम्म्यांना केमो आणि हार्मोनचा उपचार, अशी चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी केली. नऊ वर्षांनी दूरच्या अवयवात रोग न आलेल्या बायका केमोविना ९४.५ टक्के होत्या आणि केमोसह ९५ टक्के. म्हणजे या गटात, एकंदरीने पाहता, केमोने जवळजवळ काही फरक पडला नाही. पण पन्नाशीच्या आतल्या बायका वेगळ्या काढल्यावर चित्र थोडे बदलले. स्कोअर १६ ते २० असेल तर शंभरात साधारण दीड जणीला आणि २१ ते २५ असेल तर सहा-साडेसहा जणींना फायदा दिसला.

काखेतल्या एक ते तीन ग्रंथींत रोग असलेल्यांसाठी असाच दुसरा अभ्यास झाला, आरएक्स-पाँडर. त्याचे निकाल २०२१ साली प्रसिद्ध झाले. पाळी गेलेल्या बायकांमध्ये स्कोअर २५ पर्यंत असेल तर केमोचा फायदा दिसला नाही. पाळी चालू असलेल्यांमध्ये दिसला: पाच वर्षांनी रोगमुक्त राहिलेल्या केमोविना ८९ टक्के, केमोसह सुमारे ९४ टक्के. म्हणून ओपीडीत डॉक्टर "शेवटची पाळी कधी आली?" हे पुन्हा पुन्हा विचारतात. मुलासमोर किंवा जावयासमोर आया हा प्रश्न टाळतात, नाहीतर "हो, बंद आहे" म्हणून मोकळ्या होतात. तारीख खरी सांगा. उपचार त्यावर फिरतो.

तरुण बायकांमधला हा फायदा केमोच्या औषधाने होतो की केमोमुळे अंडाशय बंद पडून हार्मोन कमी होतो म्हणून होतो, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. काही डॉक्टर अशा पेशंटला केमोऐवजी अंडाशयाचे काम थांबवणारी इंजेक्शने आणि गोळ्या हा पर्याय मांडतात. तुमच्या स्कोअरला तो बसतो का, हे विचारण्यात काही संकोच नको.

ऑन्कोटाइपचा खर्च लाखांच्या घरात जातो आणि नमुना परदेशी पाठवावा लागतो. भारतात, बंगळुरूच्या ऑन्कोस्टेम या कंपनीने कॅनअसिस्ट ब्रेस्ट नावाची तपासणी विकसित केली आहे. डॉ. मंजिरी बाक्रे या तिच्या संस्थापक. ही तपासणी गाठीतली पाच प्रथिने आणि गाठीचा आकार, ग्रेड, काखेतला रोग एकत्र पाहून कमी धोका किंवा जास्त धोका असे सांगते. किंमत परदेशी तपासणीपेक्षा बरीच कमी आहे. मात्र केमो देऊन आणि न देऊन तुलना करणारे टेलर-एक्ससारखे मोठे अभ्यास तिच्यामागे नाहीत, हेही लक्षात ठेवायला हवे. माझे मत विचाराल तर, तपासणीचा निकाल काहीही आला तरी निर्णय बदलणार नसेल तर ती करू नये. चार ग्रंथींत रोग आहे, किंवा आजींचे वय ८२ आहे आणि त्या कोणत्याही परिस्थितीत केमो घेणार नाहीत, तिथे ते पैसे वाया जातात. आणि पैशांअभावी तपासणी करता आली नाही म्हणून उपचार अडत नाहीत. आकार, ग्रेड, ईआरची टक्केवारी, वय यांवरून अनुभवी ऑन्कोलॉजिस्ट चांगला अंदाज बांधू शकतात. आपल्याकडे बहुतेक बायकांचा निर्णय आजही असाच होतो.

"केमो नको" म्हणजे "उपचार नको" नव्हे

केमो टळली की घरात पेढे वाटले जातात, आणि दीड वर्षाने कळते की टॅमॉक्सिफेनची गोळी कधीच बंद झाली. कुणी म्हणाले गरम पडते, कुणी म्हणाले वजन वाढते. ईआर पॉझिटिव्ह बाईसाठी ही स्वस्तातली गोळी बऱ्याचदा केमोपेक्षा जास्त काम करते. पाच वर्षे नियमित घेतल्याने रोग परत येण्याचे प्रमाण पुष्कळ घटते, जवळजवळ निम्म्यापर्यंत. केमो टाळण्याचा सगळा हिशेब ती गोळी घेतली जाईल हे धरून मांडलेला असतो. त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगा, औषध बदलता येते. पाळी गेलेल्यांसाठी लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल अशा दुसऱ्या गोळ्या आहेत. परस्पर बंद करू नका.

रेडिएशनचेही तसेच. स्तन वाचवून फक्त गाठ काढली असेल तर रेडिएशन सहसा लागतेच, केमो असो वा नसो. दोन्ही लागणार असतील तर साधारणपणे आधी केमो, मग रेडिएशन असा क्रम असतो आणि टॅमॉक्सिफेन केमो संपल्यावर सुरू करतात.

निर्णय कोणाचा?

"डॉक्टर, अम्मीला कॅन्सर सांगितलेला नाही, तुम्हीही बोलू नका." नया नगरमध्ये हे वाक्य मला महिन्यातून एकदा तरी ऐकायला मिळते. मराठी, गुजराती घरांतही वेगळे नसते, फक्त अम्मीच्या जागी आई किंवा बा. हेतू प्रेमाचा असतो. पण ज्या बाईचा स्तन काढला आहे तिला काही कळलेले नाही, असे घरच्यांखेरीज कुणालाच वाटत नसते. ती गप्प असते, कारण तुम्ही गप्प आहात. आणि मधल्या पट्ट्यातला निर्णय तिच्या इच्छेशिवाय घेताच येत नाही. सहा महिने सलाईन तिला लागणार, उलट्या तिला होणार. नकार दिला तर धोका तिचा. शंभरात तीनसाठी हे करायचे का, हे मुलगा कसा ठरवणार? दवाखान्यात मी अशा वेळी नातेवाईकांना पाच मिनिटे बाहेर बसवतो आणि तिला एवढेच विचारतो, "तुम्हाला किती माहिती हवी आहे?" बहुतेक जणी सगळी मागतात. एखादी म्हणते, "मुलगी ठरवेल." तेही चालते, कारण ते तिने सांगितलेले असते.

पाळी चालू असलेल्या आणि पुढे मूल हवे असलेल्या स्त्रीने केमो सुरू होण्याआधी हे सांगायला हवे. केमोनंतर पाळी कायमची जाऊ शकते. बीजांडे किंवा भ्रूण गोठवून ठेवण्याची सोय मुंबईत आहे, पण ती पहिल्या सलाईनच्या आधीच करता येते.

किती घाई करायची?

दोन टोके दिसतात. काही जण रिपोर्ट आल्याच्या दुसऱ्या दिवशी केमो लावा म्हणून मागे लागतात, काही जण गावी जाऊन जडीबुटी करून तीन महिन्यांनी येतात. केमो सहसा ऑपरेशननंतर चार ते सहा आठवड्यांत सुरू करतात. जखम भरायला तेवढा वेळ लागतोच. म्हणजे दुसरे मत घ्यायला, तपासणीचा निकाल यायला एक-दोन आठवडे गेले तर बिघडत नाही. तीन महिन्यांपलीकडे उशीर गेला तर नुकसान होते असे अभ्यासांत दिसले आहे, आणि ट्रिपल निगेटिव्हमध्ये ते सर्वांत जास्त.

दुसऱ्या मतासाठी मीरा रोडहून बहुतेक लोक परळच्या टाटा मेमोरियलला जातात. १९४१ साली सुरू झालेले हे रुग्णालय. दादरला उतरून पुढे टॅक्सी, किंवा धीम्या लोकलने प्रभादेवी आणि पूल ओलांडून परळ. जाताना फक्त रिपोर्टची झेरॉक्स नेऊन भागत नाही. ज्या लॅबमध्ये गाठ तपासली तिथून मेणाचे ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या. ते पेशंटला मिळतात. तज्ज्ञ केंद्रात स्लाइड पुन्हा वाचल्या जातात आणि कधीकधी ईआर किंवा हर-टूचा निकाल बदलतो. गाठ काढल्यावर फॉर्मॅलिनमध्ये टाकायला फार उशीर झाला असेल तर ईआर खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. ग्रेड १ आणि ईआर निगेटिव्ह असा विसंगत रिपोर्ट असेल तर पुन्हा तपासणी मागाच. ज्यांना प्रवास शक्य नाही त्यांच्यासाठी टाटा मेमोरियल आणि नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या तज्ज्ञांचे मत ऑनलाइन मिळवून देणारी "नव्या" ही सेवा आहे.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत नोंद असलेल्या रुग्णालयातच केमो ठरवलीत तर मोठा भार हलका होतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला भेटा. केमो सुरू होण्याआधी भेटा, आधी भरलेले पैसे नंतर परत मिळवणे अवघड जाते. कोणती औषधे आणि तपासण्या योजनेत बसतात हे त्याच्याकडून लिहून घ्या.

केमो ठरली असेल तर आधी फॅमिली डॉक्टरकडे या

हा भाग माझ्या कामाचा. मधुमेह असेल तर केमोबरोबर दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडमुळे साखर दोन-तीन दिवस बरीच चढते, गोळ्यांचे डोस आधीच ठरवून ठेवावे लागतात. लाल रंगाचे औषध मिळणार असेल तर हृदयाची टू-डी इको हवी. ट्रास्टुझुमॅब असेल तर ती मधूनमधून पुन्हा करावी लागते. हिपॅटायटिस बीची रक्ततपासणी करून घ्या, हा विषाणू झोपलेला असेल तर केमोत जागा होतो. किडलेला दात काढायचा असेल तर आताच काढा. आयुर्वेदिक काढे, भस्मे, "इम्युनिटी"च्या पुड्या केमोच्या काळात बंद. यकृतावर दुहेरी ताण नको.

रमजान मध्ये येत असेल तर रोज्यांबद्दल बायका स्वतःहून विचारत नाहीत, गुपचूप धरतात. केमोच्या दिवसांत पाणी कमी पडणे किडनीला महागात जाते. आजारी माणसाला रोज्यातून सूट आहे आणि नंतर ते पुरे करता येतात, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनी किंवा मौलानांनी सांगितले की माझ्या सांगण्यापेक्षा लवकर पटते. उपवास, एकादशी, चतुर्थी यांनाही हेच लागू.

शेवटी, घरात एक डिजिटल थर्मामीटर आणून ठेवा. केमोनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला, किंवा थंडी वाजून आली, तर क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी केमो दिलेल्या रुग्णालयाच्या किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या इमर्जन्सीत जा, आणि दारातच सांगा, "केमो चालू आहे, ताप आला आहे." शेवटच्या केमोची तारीख आणि औषधांची नावे लिहिलेला कागद पेशंटच्या पर्समध्ये कायम असू द्या.